मागावाचून वस्त्र

वस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माग उभा राहतो. कापूस पिंजावा, त्याचे पेळू करावे, पेळूचे सूत कातावे, सुताचा ताणा लावून त्यातून धोट्याने बाणा फेकावा, आणि अशा रीतीने उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून कापड सिद्ध व्हावे, हा क्रम मनुष्यजातीच्या इतका अंगवळणी पडला आहे की याहून वेगळा मार्ग असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. परंतु रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा झगा, तान्ह्या मुलाचे लंगोट, चहाची कागदी वाटणारी पुडी, रस्त्याच्या खडीखाली अंथरलेली जाड चादर आणि २०२० सालापासून आबालवृद्धांच्या परिचयाची झालेली मुखपट्टी, या साऱ्या वस्तूंच्या कापडाला मागाचा स्पर्शही झालेला नसतो. त्यांत सूत नाही, ताणा नाही, बाणाही नाही. तंतू सरळ थरांत पसरून ते जागच्या जागी एकमेकांशी जखडलेले असतात, एवढेच. व्यापारात या मालाला ‘नॉनवोव्हन’ म्हणतात. आपण त्याला न विणलेले कापड म्हणू.

ही कल्पना मुळात नवी नाही. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ‘बुरणूस’ हा शब्द ठाऊक असेल. घोंगडी मागावर विणली जाते. बुरणूस मात्र विणला जात नाही, तो लोकर पिंजून, भिजवून, लाटून आणि दाबून तयार करतात. काश्मीरचा नमदा याच जातीचा. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि चोळणे यांमुळे हे तंतू एकाच दिशेने सरकत जाऊन परस्परांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. कापसाला असे खवले नाहीत, आणि कारखान्यात बनविलेल्या कृत्रिम तंतूलाही नाहीत. तेव्हा लोकरीवाचून बुरणूस करावयाचा असेल, तर तंतूंना धरून ठेवणारी दुसरी काही युक्ती शोधणे प्राप्त होते. न विणलेल्या कापडाचा अर्वाचीन इतिहास म्हणजे बव्हंशी या युक्तींचाच शोध होय.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर साध्या गणिताने मिळते. एखादा साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशे वेळा धोटा फेकतो असे धरा. कापडात दर सेंटिमीटरला वीस आडवे धागे हवे असतील, तर मिनिटाला साडेसात सेंटिमीटर आणि तासाला साडेचार मीटर कापड निघेल. आणि त्याआधी सूत कातण्याचा, ताणा भरण्याचा आणि खळ देण्याचा खर्च झालेला असेलच. उलट प्लास्टिकचे दाणे एका टोकाला ओतून दुसऱ्या टोकाला तयार कापडाची गुंडाळी काढणारे यंत्र मिनिटाला शेकडो मीटर कापड देते. अर्थात हे कापड धोतराच्या किंवा लुगड्याच्या जागी येणार नाही. त्याला मागावरच्या कापडाची लवचीक झुळझुळ नाही, ते वारंवार धुण्याजोगेही नाही. एकदा वापरून टाकावयाच्या किंवा एकदा पुरून विसरावयाच्या वस्तूंसाठीच ते मुख्यतः जन्मास आले आहे. त्याच्या गुणांचे मूळ त्यात आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याच्या दोषाचेही.

या उद्योगाचा मुख्य आधार असलेले द्रव्य म्हणजे पॉलिप्रोपिलीन. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात प्रोपिलीन नावाचा वायू मिळतो. त्याचे हजारो रेणू साखळीसारखे एकापुढे एक जोडले की जे महारेणू बनतात त्यांना बहुवारिक म्हणतात. प्रोपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूला एक लहानसा मेथिल गट लोंबत असतो. हे गट साखळीच्या कोणत्याही बाजूस वाटेल तसे विखुरले, तर साखळ्या शेजारी शेजारी नीट बसू शकत नाहीत आणि हाती चिकट, मेणचट गोळा लागतो. त्याचा धागा होत नाही. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी एथिलीनच्या साखळ्या जोडणारे नवे धातुयुक्त उत्प्रेरक शोधले, आणि १९५४ साली इटलीतील मिलान येथे ज्यूलिओ नात्ता यांनी त्याच जातीचे उत्प्रेरक प्रोपिलीनवर वापरून पाहिले. तेव्हा निघालेल्या द्रव्याचा काही भाग आश्चर्यकारकरीत्या टणक व स्फटिकमय निघाला. त्यात सारे मेथिल गट एकाच हाताला होते. अशा साखळ्या मळसूत्रासारखा पीळ घेऊन एकमेकींशेजारी शिस्तीने बसतात, सुमारे १६५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाहीत, आणि ताणल्या असता बळकट तंतू देतात. झीग्लर व नात्ता यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (अमेरिकेतील एकस्वाचा मान मात्र दीर्घकाळच्या न्यायालयीन वादानंतर १९८३ साली फिलिप्स कंपनीकडे गेला, तिच्या दोघा रसायनज्ञांनी असेच द्रव्य १९५१ सालीच पाहिले होते.) हे बहुवारिक पाण्याहून हलके आहे, ओल शोषत नाही, आम्ल-अल्कलींना दाद देत नाही, आणि विजेचा अत्यंत वाईट वाहक आहे. यांतला शेवटचा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे महत्त्व पुढे येणार आहे.

आता या द्रव्याचे कापड कसे होते ते पाहू. सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या पद्धतीला ‘स्पनबॉन्ड’ म्हणतात. तंतू कातणे आणि जोडणे या दोन्ही क्रिया तीत एकाच दमात होतात. जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग आणि अमेरिकेतील ड्यू पाँ या कंपन्यांनी १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत बाजारात आणली. बहुवारिकाचे दाणे मळसूत्री दट्ट्याच्या यंत्रात वितळवून त्याचा रस हजारो बारीक छिद्रे असलेल्या पोलादी साच्यातून दाबून काढतात. शेवयांच्या सोऱ्याची कल्पना केली म्हणजे पुरे. खाली पडणाऱ्या धारांवर थंड हवा सोडून त्या गोठवितात आणि लगेच वेगवान हवेच्या झोताने खेचतात. हे खेचणे केवळ तंतू बारीक करण्यासाठी नसते. त्यामुळे विस्कळीत महारेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सरळ होतात आणि तंतूला बळ येते. सुमारे पंधरा ते वीस मायक्रॉन जाडीचे हे अखंड तंतू धावत्या जाळीच्या पट्ट्यावर वेडेवाकडे पसरतात. जाळीखालून हवा शोषली जात असल्याने ते तिला चिकटून राहतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो.) शेवटी हा सैल थर दोन तापलेल्या रुळांमधून जातो. त्यांपैकी एका रुळावर उंचवट्यांची नक्षी कोरलेली असते. जेथे उंचवटा टेकतो तेथेच तंतू वितळून एकजीव होतात. बाकीची जागा मोकळी राहते. सबंध थर वितळविला असता तर कापड न होता ताठ पत्रा झाला असता. साध्या मुखपट्टीचे बाहेरील कापड उजेडासमोर धरले असता जे ओळीने ठिपके दिसतात ते शोभेसाठी नसून तेच त्या कापडाचे टाके आहेत.

परंतु पंधरा-वीस मायक्रॉनच्या तंतूंच्या थरातून धूळ आणि रोगजंतू सहज पार होतात. सूक्ष्म कण अडवावयाचे तर तंतूही सूक्ष्म हवे. अशा तंतूंची गरज प्रथम एका निराळ्याच कारणाने भासली. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुस्फोटांच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि वातावरणाच्या वरच्या थरांत तरंगणारे किरणोत्सारी कण पकडण्यासाठी अतिशय तलम गाळणीची आवश्यकता अमेरिकेच्या नौदल संशोधनशाळेस वाटू लागली. तेथील व्हॅन वेंटे यांनी वितळलेल्या बहुवारिकाच्या धारांवर दोन्ही बाजूंनी अतितप्त हवेचे झोत सोडून एक मायक्रॉनच्या आतबाहेरचे तंतू काढले आणि १९५६ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे एसो, म्हणजे नंतरची एक्सॉन, या तेलकंपनीने टेक्सस राज्यातील बेटाउन येथे तिला कारखान्याचे रूप दिले. या पद्धतीला ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. तंतू येथे गोठल्यावर खेचला जात नाही. तो रसरूप असतानाच त्याच्याच इतक्या तापलेल्या हवेने फरफटत नेला जातो आणि हवेतच थिजून जाळीवर रेशमी कापसासारखा बसतो.

बारीकपणाने काय साधते ते पुन्हा गणितानेच पाहू. एक ग्रॅम पॉलिप्रोपिलीनचा वीस मायक्रॉन जाडीचा तंतू काढला तर तो सुमारे साडेतीन किलोमीटर लांब भरेल. त्याच एका ग्रॅमचा दोन मायक्रॉनचा तंतू काढला तर लांबी शंभरपट, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर होईल. मुंबईहून पुण्याला जाऊन परत आले तरी तो संपणार नाही. त्याचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरांहून अधिक असेल. मुखपट्टीच्या मधल्या थरात असा ग्रॅमभरच काय तो माल असतो, आणि संरक्षण जे मिळते ते त्या थराकडून. बाहेरील दोन थर स्पनबॉन्डचे असतात, कारण मधला तंतू खेचला गेलेला नसल्याने दुबळा असतो आणि त्याला दोन्हीकडून आधार लागतो.

येथे एक फार प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. हा थर चाळणीसारखा काम करतो, म्हणजे कणाहून लहान भोक असले की कण अडतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. करोना विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रॉन आहे आणि तंतूंमधील पोकळ्या त्याच्या कित्येक पटींनी मोठ्या असतात. चाळणीऐवजी घनदाट अरण्याची उपमा अधिक यथार्थ होईल. मोठे, जड कण हवेबरोबर वळणे घेऊ शकत नाहीत आणि तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असल्याने ते वेडेवाकडे भटकतात आणि कोठेतरी तंतूला लागतात. एकदा लागलेला कण सहसा सुटत नाही. सर्वांत अवघड ते मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. ते आदळण्याइतके जड नसतात आणि भटकण्याइतके हलकेही नसतात. त्यांना पकडण्यासाठी थर जाड करीत गेले तर श्वास घेणेच कठीण होऊन बसते.

यातून वाट काढली ती स्थिर विजेने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लोकरीच्या नमद्यात राळेची पूड पिंजली असता घर्षणाने त्यात विद्युत्प्रभार उत्पन्न होतो आणि धुळीचे कण त्याकडे ओढले जातात, असे दिसून आले होते. पॉलिप्रोपिलीन विजेचा वाईट वाहक असल्याने त्याच्या तंतूंत एकदा प्रभार कोंडला की तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय आणि त्यांचे सहकारी यांनी मेल्टब्लोन कापडावर उच्च दाबाच्या विद्युत्क्षेत्रातून प्रभार चढविण्याची पद्धत विकसित केली आणि १९९५ साली तिचे एकस्व मिळाले. असा प्रभारित थर तेवढ्याच जाडीच्या साध्या थराहून कितीतरी अधिक कण अडवितो, आणि श्वासाला होणारा विरोध मात्र वाढत नाही. एन-९५ या नावाने ओळखली जाणारी मुखपट्टी याच तत्त्वावर उभी आहे. मिनिटाला ८५ लिटर हवेबरोबर मिठाच्या सूक्ष्म कणांचा मारा केला असता त्यांपैकी निदान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, अशी तिची कसोटी आहे.

प्रभार डोळ्यांना दिसत नाही, तसा तो नाहीसा झाल्याचेही दिसत नाही. अल्कोहोलने पुसलेली किंवा साबणाने धुतलेली मुखपट्टी पूर्वीइतकीच स्वच्छ, किंबहुना अधिक स्वच्छ दिसते. परंतु तंतूंवरील प्रभार नष्ट झाल्याने तिची कण पकडण्याची शक्ती पुष्कळ उतरलेली असते. महामारीच्या पहिल्या महिन्यांत मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला तेव्हा रुग्णालयांतील परिचारिका आणि डॉक्टर यांच्यापुढे हाच प्रश्न होता, की एकच मुखपट्टी पुन्हा वापरावयाची तर ती निर्जंतुक कशी करावी. निवृत्त झालेले त्साय पुन्हा प्रयोगाला बसले, आणि पाणी वा अल्कोहोल न लावता कोरड्या उष्णतेने हे काम होऊ शकते असे त्यांनी दाखविले.

भारताची त्या वेळची अडचण दुहेरी होती. मेल्टब्लोन कापड काढणारी यंत्रे देशात थोडी होती, आणि अत्यंत काटेकोर छिद्रांचे त्यांचे साचे मोजक्याच देशांत बनत. कापडाचा भाव कित्येक पटींनी चढला. १९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मुखपट्ट्यांबरोबरच त्यांना लागणाऱ्या कापडाच्या निर्यातीवरही बंदी घातली. अंगभर झाकणाऱ्या संरक्षक पोशाखाची गोष्ट निराळी होती. त्याचे स्पनबॉन्ड कापड येथे होत असे. पण नुसते स्पनबॉन्ड दाबाखाली रक्त अडवू शकत नाही, त्यावर प्लास्टिकचा अखंड पापुद्रा बसवावा लागतो. आणि कापड अभेद्य झाले तरी शिवणयंत्राची सुई प्रत्येक टाक्यागणिक त्याला भोक पाडतेच. म्हणून शिवणीवर उष्णतेने चिकटणारी पट्टी बसविणे अपरिहार्य ठरले. कोइमतूर येथील दक्षिण भारत वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत हे पोशाख व त्यांच्या शिवणी कृत्रिम रक्ताच्या दाबाखाली तपासल्या जात. पोशाखाची लायकी कापडावर नव्हे तर त्याच्या सर्वांत कच्च्या शिवणीवर ठरते, हा धडा त्या काळात अनेक शिवणकारखान्यांना नव्याने शिकावा लागला.

साऱ्या न विणलेल्या कापडांना वितळवावेच लागते असे नाही. काट्यांच्या सुया वरखाली नाचवून तंतू परस्परांत ओवण्याची एक पद्धत आहे. तिने झालेली जाड चादर रस्ते व लोहमार्ग यांखाली अंथरतात. दख्खनच्या काळ्या जमिनीसारखी माती पावसात फुगून मऊ होते आणि वरची खडी तिच्यात रुतत जाते. अशा ठिकाणी ही चादर पाणी जाऊ देते, पण माती व खडी एकमेकींत मिसळू देत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत केसाएवढ्या बारीक पाण्याच्या धारा प्रचंड दाबाने तंतूंच्या थरावर मारून त्यांची गुंतवळ करतात; जखमांवरील पट्ट्या आणि ओले पुसणे यांसाठी ही मऊ कापडे वापरतात. ज्या इचलकरंजीने यंत्रमागांच्या खडखडाटावर आपली प्रतिष्ठा उभारली, त्याच नगरात न विणलेल्या कापडासाठी केंद्र सरकारच्या साहाय्याने एक विशेष अभ्यासकेंद्र तेथील वस्त्रविद्येच्या महाविद्यालयात चालते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

यंत्रांइतकाच बदल द्रव्यांतही झाला. मेल्टब्लोन पद्धतीला रस अतिशय पातळ लागतो. बहुवारिकाचा पातळपणा मोजण्याची एक रीत अशी, की ठराविक उष्णतेला आणि ठराविक वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम रस छिद्रातून बाहेर येतो ते पाहावयाचे. स्पनबॉन्डला पंचवीस ते पस्तीस ग्रॅम पुरतात. मेल्टब्लोनला हजार ग्रॅमहून अधिक लागतात. पूर्वी लांब साखळ्या पेरॉक्साइडने तोडून हा पातळपणा आणीत. त्या वाटेल तेथे तुटत, आणि उरलेले पेरॉक्साइड साच्यात धूर करी. १९८० च्या सुमारास हाम्बुर्ग येथे वाल्टर कामिन्स्की व हान्सयोर्ग झिन यांनी मेटॅलोसीन या वर्गातील उत्प्रेरकांचे सामर्थ्य दाखवून दिले. जुन्या उत्प्रेरकाच्या पृष्ठावर साखळी वाढण्याच्या जागा नाना प्रकारच्या असत. येथे त्या सर्व एकसारख्या असल्याने साखळ्याही जवळजवळ सारख्या लांबीच्या निघतात. असा रस ताणताना मध्येच तुटत नाही आणि तंतू अधिक बारीक उतरतो. दुसरी सुधारणा दुपेडी द्रव्याच्या तंतूंची. गाभा १६५ किंवा २६० अंशांना वितळणाऱ्या बहुवारिकाचा आणि त्यावर १३० अंशांना वितळणाऱ्या पॉलिएथिलीनचे कवच, असा तंतू तापविला की कवच वितळून शेजाऱ्याला चिकटते, गाभा मात्र उभा राहतो. वेगळा डिंक लावावा लागत नाही आणि कापड मऊ राहते.

आता त्या दोषाकडे वळू. जे आम्ल, ओल आणि बुरशी यांना दाद देत नाही, ते फेकून दिल्यावर मातीलाही दाद देत नाही. उन्हात मात्र पॉलिप्रोपिलीन लवकर खंगते, कारण मेथिल गट जेथे जोडलेला असतो त्या कार्बन अणूवरील हायड्रोजन सहज निघून जातो आणि साखळी तेथे तुटू लागते. खंगणे म्हणजे कुजणे नव्हे. कापडाचे तुकडे होतात, तुकड्यांचे तंतू होतात आणि तंतू मातीत वा पाण्यात राहतात. बाजारात कापडी म्हणून मिळणाऱ्या ठिपकेदार पिशव्या पुष्कळदा याच स्पनबॉन्डच्या असतात. त्या कापडी आहेत खऱ्या, पण कापसाच्या नव्हेत. म्हणूनच केंद्र सरकारच्या नियमांनी त्यांची गणना प्लास्टिकमध्ये केली, आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून दर चौरस मीटरला ६० ग्रॅमहून कमी वजनाच्या अशा पिशव्यांना मनाई केली. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार जुलै २०२१ पासून ओल्या पुसण्यांच्या वेष्टनावर त्यांत प्लास्टिक असल्याचे छापणे सक्तीचे केले.

यावर उपाय म्हणून ज्या बहुवारिकाकडे अधिक आशेने पाहिले जाते ते पॉलिलॅक्टिक आम्ल. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्याच्या साखळ्या जोडतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे मक्याच्या साखरेपासून ते काढणारा मोठा कारखाना २००२ साली सुरू झाला, आणि थायलंडमधील रायाँग येथे उसाच्या साखरेपासून. पॉलिप्रोपिलीनच्या यंत्रांवर थोडे फेरफार करून त्याचेही स्पनबॉन्ड आणि मेल्टब्लोन कापड निघते. अडचणी मात्र आहेत. दाण्यांत ओलीचा अंश राहिला तर वितळविताना साखळ्या पाण्याने तुटतात, म्हणून ते आधी अत्यंत कोरडे करावे लागतात. कापड काहीसे ठिसूळ असते. आणि साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडून आकसू लागते. ते कुजते हे खरे, पण सुमारे ५८ अंश उष्णता राखलेल्या ओलसर खतकारखान्यात. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्राच्या पाण्यात ते दीर्घकाळ तसेच पडून राहते. भारतीय नियमांत कुजणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक सांगितले आहे, आणि त्याची कसोटीही अशा खतकारखान्यातील परिस्थितीचीच आहे.